आभाळशेठचा आठवडी अंदाज

ढग उभ्यानं बघायचा नसतो, आडवं पडून बघायचा असतो, असं ज्या माणसानं मला पहिल्याच भेटीत बजावलं, त्याच्याच घरात मी पुढं कितीतरी वर्षं भाड्यानं राहिले. बँकेनं माझी बदली माजलगावला केली होती. ऐन उन्हाळ्यात मी गच्चीवरची खोली बघायला गेले, तर घरमालक तिथंच घडी घातलेल्या सतरंज्यांच्या ढिगावर उताणे पडले होते. टोपी पोटावर, हात डोक्याखाली. मला वाटलं, माणसाला भोवळ आली. खाली हाक मारायला मी वळले, तर ते पडल्या पडल्याच म्हणाले, "म्याडम, भिऊ नका. जित्ता हाय. ढग बघायलोय. उभ्यानं बघितलं की मान अवघडती अन् ढग अर्धाच दिसतो."

त्यांचा धंदा मांडवाचा. लग्न असो, सप्ताह असो, सभा असो की दहावा, माजलगावात मांडव घालायचा तर यांच्याकडं यावं लागे. घराखालच्या गोदामात लोखंडी पाइप, कनाती, गाद्या, पातेली आणि भोंगे खच्चून भरलेले. पण गावात त्यांना मांडववाले म्हणून कुणी ओळखत नसे. सगळे म्हणायचे आभाळशेठ. तोंडावरही म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

हे नाव पडलं ते भोंग्यांमुळं. आठवडी बाजाराच्या सकाळी ते गोदामाच्या छपरावर भोंगे लावून तपासायचे. बाकीचे मांडववाले "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतात. आमचे शेठ त्याऐवजी आठवड्याचं हवामान सांगायचे.

"राम राम माजलगावकर. या हप्त्याचं आभाळ ऐका. आज अन् उद्या वर झालर राहील. झालरीचा पाऊस पडत न्हाई, निवांत कुरडया घाला. परवापासून गाद्या येतील. गाद्या आल्या की वाळवण उचला, मग मला शिव्या देऊ नका. कनात कुठं दिसत न्हाई. ऐरणीवर माझं ध्यान हाय."

बाहेरच्या माणसाला यातलं ओ की ठो कळत नसे. मलाही नव्हतं कळलं. मग समजलं की मांडववाल्यानं आभाळालाही मांडवाचं सामान वाटून दिलं आहे. उंचावर पिंजलेले पांढरे तंतू असतात, पुस्तकातले सिरस, ती झालर. लहान लहान गोळे ओळीनं अंथरल्यासारखे दिसतात त्या गाद्या. सगळं आभाळ राखाडी पडद्यानं झाकणारा स्ट्रेटस म्हणजे कनात. दुपारी फुगणारा, खाली सपाट आणि वर गुबगुबीत क्युम्युलस हा 'भोळा', कारण तो कुणाचं वाईट करत नाही. पण हाच भोळा वाढत वाढत डोंगराएवढा झाला आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा पसरला, की त्याचं नाव ऐरण. ऐरण म्हणजे वादळ, विजा, गारा. हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज भोंग्यातूनसुद्धा खाली यायचा.

ही विद्या त्यांना लेकीनं दिली. शुभांगी त्यांची एकुलती एक मुलगी. ती नववीत असताना ओट्यावर बसून भूगोल मोठ्यानं पाठ करायची आणि हे समोर माईक उघडून बसलेले असायचे. "तवर मला वाटायचं ढग म्हंजे ढग," ते मला सांगायचे. "त्यातबी जाती असत्यात, त्यांला नावं असत्यात, हे पोरीनं वाचलं अन् मी माईक तसाच ठेवून भाईर गेलतो बघायला." त्यानंतर तो धडा त्यांनी तिच्याकडून इतक्या वेळा वाचून घेतला की परीक्षेत तिला ढगांवरचाच प्रश्न सगळ्यात सोपा गेला. पोरगी मात्र गुरूच राहिली. भोंगा बंद झाला की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचाच, "अण्णा, आत्ता कनात म्हणलाव, ती कनात न्हाई. धूर हाय कारखान्याचा!" चुकीचं कानावर पडलं आणि ती गप्प बसली, असं कधी झालं नाही. शेठ चेहरा वाकडा करायचे, पण पुढच्या वेळी दुरुस्ती करायचे.

मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज ते बघायचे, पण शेजाऱ्यांच्या भांडणाकडं बघावं तसा. म्हणजे लक्ष देऊन, पण मनावर न घेता. जुन्याजाणत्यांच्या ठोकताळ्यांवर तर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. एकदा एक म्हातारबा म्हणाले, मुंग्या अंडी घेऊन निघाल्यात, पाऊस येणार. शेठ म्हणाले, "मुंगीला काय कळतंय बाबा? माझ्या गोदामात त्या बारा महिने बिऱ्हाड हलवत्यात." मुंगीवर राग असा की जणू तीही मांडवाचाच धंदा करते.

अंदाज चुकायचेही. एका बाईचे उडदाचे पापड त्यांच्या भरवशावर भिजले. ती तणतणत आली आणि ओल्या पापडांचं अख्खं घमेलं दारात ओतून गेली. शेठनी ते सगळे पापड गोळा करून पुन्हा वाळवले आणि घरात फर्मान काढलं की हेच खायचे. ते पापड तळले की फुलत नसत, नुसते लालबुंद होऊन कडक व्हायचे. शेठची बायको म्हणजे आमच्या काकू, शुभांगी आणि बिनगुन्ह्याची मी, आम्ही सगळ्यांनी ते महिनाभर चावले. तक्रार केली की म्हणायचे, "चुकलेला अंदाज हाय तो. चावून चावून खा म्हंजे ध्यानात राहील."

एवढं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं असलं, तरी एका बाबतीत ते हसत नसत. वादळाची शक्यता असली की ते मांडव घालायचे नाहीत. मुहूर्त असो, मंत्री असो, नाही म्हणजे नाही. त्यांच्याकडं रशीदभाई होते, माईक सांभाळणारे. सुरुवातीच्या काळात उघड्या रानात घातलेला मांडव वावटळीनं उचलला आणि वरची पाइप रशीदभाईंच्या गुडघ्यावर आली. तेव्हापासून ते लंगडतात. रशीदभाईंना त्याचं फार काही वाटत नसे. "छोडो शेठ, नशीब होता," म्हणायचे. शेठ मात्र ते जिना चढताना दिसले की दुसरीकडं बघायचे.

एकदा निवडणुकीच्या सभेसाठी एका पुढाऱ्याचा माणूस आला. मोठा मांडव पाहिजे, सभा दुपारी चारला. शेठ म्हणाले, "चारला वारं सुटणार. अकराला घ्या, घालतो."

"साहेबांचा टाइम काय आभाळ ठरवणार का बे?" तो माणूस भडकला.

"साहेबांचा न्हाई, मांडवाचा ठरवणार."

मग त्यानं गोडीत घेतलं. मांडव दुसऱ्याचा घेतो, पण तुम्ही सकाळी भोंग्यावरून एवढं सांगा की आज आभाळ स्वच्छ आहे. तुमचं ऐकून गर्दी येईल. शेठनी त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत सोडून सांगितलं, "भोंगा भाड्यानं मिळतो साहेब. आभाळ भाड्यानं मिळत न्हाई."

सभा दुसऱ्याच्या मांडवात चारलाच झाली, छान झाली. वारं सुटलं ते दिवे लागताना, फक्त खुर्च्या उरल्या होत्या तेव्हा. शेठ विजयी मुद्रेनं गच्चीवर आले. "आलं का न्हाई?" मी म्हटलं, काका, केवढा उशीर झाला. तर म्हणाले, "एसटी उशिरा आली तर ती आलीच न्हाई म्हणता का तुमी?"

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. सोयरे चकलांब्याचे, गेवराई तालुक्यातले, शेतीवाडी, शेळ्यामेंढ्या असलेलं भरलं घर. मुलगा सालस, सासरा मात्र मिशीला पीळ देऊन बोलणारा, गावात शब्दाला वजन असलेला. त्यानं देणंघेणं काही मागितलं नाही. एकच म्हणाला, "मांडववाल्याची लेक करून न्यायलो. मांडव असा पाहिजे की आमचं गाव वर्षभर बोललं पाहिजे."

शेठना ते मनापासून पटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींसाठी मांडव घातले, आता आपल्या पोरीचा. त्यांनी नवं कापड आणलं, मोतिया आणि डाळिंबी. झुंबरं आणली. गोदामात ते कापड उलगडून शुभांगीला वरून खालपर्यंत दाखवलं, तेव्हा ती लाजून काकूंच्या मागं गेली आणि तिथून म्हणाली, "अण्णा, डाळिंबी मधी घ्या, कडंला नको." तिचं म्हणणं बरोबर होतं. माळावर मोठी जागा ठरली. लग्न वैशाखातल्या शुक्रवारी.

त्या आठवड्याच्या बाजाराला शेठ पहाटेपासून सतरंज्यांवर आडवे होते. आदल्या काही दिवसांत रोज संध्याकाळी दूरवर ऐरणी उठत होत्या, रोज थोड्या जवळ येत होत्या. मी चहा घेऊन गेले तर उठले नाहीत. काकू वर आल्या, त्यांच्या चेहऱ्यावरच सगळं होतं.

"आवं, आज भोंगा लावू नका. एक हप्ता न्हाई सांगितलं तर काय आभाळ कोसळायलंय?"

"तेच तर," शेठ म्हणाले. "कोसळंल असं वाटायलंय."

भोंगा लागला. सारा बाजार त्यांच्या घरी लग्न आहे हे जाणून होता. शेठनी रोजच्यासारखंच सांगितलं, फक्त आवाज जरा घोगरा होता. "शुक्रवारी दुपारपासून ऐरण दिसायलीय. वारं जोरात राहील. उघड्यावर मांडव घालू नये." एवढं बोलून भोंगा बंद. भाजीवाल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. तासाभरात चकलांब्याहून फोन आला. सासऱ्याचा आवाज मला खोलीत ऐकू येत होता. मुलीच्या बापालाच लग्न नको असेल तर तसं सांगा, आमच्यात पोरींना तोटा नाही.

काकू रडल्या. रशीदभाईंनी हात जोडले. "शेठ, मंडप मारते ना. मैं हूँ ना खांब पकडने कू." खरं तर त्यांनीच असं म्हणायला नको होतं. शेठनी त्यांच्या गुडघ्याकडं बघितलं आणि नव्या कापडाची घडी स्वतःच्या हातानं परत गोदामात ठेवली. लग्न मोडलं नाही, कारण नवरा मुलगा बापाला म्हणाला, लग्न मला करायचंय, मांडवाला नाही. पण ते लागलं गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये. दारात शकुनाला मांडवडहाळे बांधले, आंब्याच्या चार फांद्या, तेवढाच तिचा मांडव.

आणि शुक्रवारी आभाळ स्वच्छ होतं. झालर नाही, गादी नाही, एक भोळासुद्धा नाही. पत्र्याच्या शेडमध्ये माणसं घामानं निथळत होती. कितीही झाडलं तरी कोपऱ्याकोपऱ्यातून कापसाचे बारीक तंतू उडत होते, ते शालूवर बसले, अक्षतांत मिसळले, आणि मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव शिंकत राहिला. सासरा मुद्दाम शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून त्यानं सगळीकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आवं आभाळशेठ, वादळ कुठं ऱ्हायलं तुमचं? पत्रिका धाडली न्हवती का त्याला?"

सगळी शेड हसली. मलाही हसू फुटलं असतं, इतकं ते बिनतोड होतं, पण माझी नजर शेठकडं गेली. ते हात जोडून उभे होते आणि पाहुण्यांना जेवायला बसा, जेवायला बसा, एवढंच म्हणत होते.

पाठवणीच्या वेळी शुभांगी आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही गळ्यात पडून रडली. वडिलांच्या पाया पडली तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. खाली वाकलेली ती उठली आणि हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, जन्मभर वर बघितलंत. आज एक दिवस तरी खाली, माझ्याकडं बघायचं व्हतं." मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं. शेठनी तोंड उघडलं, पण गाडी निघाली.

पुढच्या बाजाराला गोदामासमोर जरा जास्तच गर्दी होती. शेठ आता काय बोलतात ते ऐकायला लोक आले होते, आणि काहींच्या ओठांवर आधीच हसू होतं. शेठ म्हणाले, "मागच्या शुक्रवारचा अंदाज चुकला. वादळ आलं न्हाई. माझं ऐकून ज्यांनी कामं अडवली त्यांची माफी." मग नेहमीसारखं आठवड्याचं आभाळ सांगितलं. हसायला आलेले लोक न हसता पांगले. एक भाजीवाली मात्र खालून ओरडली, "आसू द्या शेठ, पाऊस तरी कुठं सांगितल्यावर येतोय!" तिचं बोलणं मला फार बरं वाटलं.

शुभांगीचे फोन यायचे, पण काकूंच्या मोबाइलवर. शेठ तेवढा वेळ जवळपास घुटमळायचे, कनातीची दोरी सोडायचे, परत बांधायचे. काकू म्हणायच्या, "घ्या, बोला." तिकडून काहीतरी उत्तर यायचं आणि काकू फोन ठेवताना म्हणायच्या, तिला काम आहे. मूळव्याधीचा त्रास असलेला माणूस जसा खुर्चीवर नीट बसत नाही, तसे ते त्या दिवसांत कुठंच नीट बसले नाहीत. मला त्यांची फार दया यायची आणि शुभांगीचा रागही येत नव्हता. दोघंही आपापल्या जागी खरी होती.

त्यानंतरच्या एका बाजाराची ही गोष्ट. मी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पश्चिमेला, गेवराईच्या अंगाला, गाद्या पसरल्या होत्या आणि त्यांना वरच्या बाजूनं लहान लहान बुरूज फुटले होते. सकाळी गाद्यांना बुरूज फुटले की दुपारनंतर त्या बाजूला ऐरण उठते, हे मला शेठनीच शिकवलं होतं. खाली भोंगा सुरू झाला. माजलगावचं आठवड्याचं आभाळ सांगून झालं. भोंगा बंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. शेठ खाकरले.

"अन् चकलांबा. चकलांब्याला आज आभाळ एकदम साफ राहील. एक ढग दिसायचा न्हाई. वारं न्हाई, पाऊस न्हाई. बिनघोर ऱ्हावं."

बाजारात खसखस पिकली. चकलांबा कुठं, माजलगावचा बाजार कुठं! भोंगा जेमतेम धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू जात असेल. पण रशीदभाई दर बाजारी हा अंदाज मोबाइलवर रेकॉर्ड करून साऱ्या ग्रुपवर टाकायचे, शुभांगी असलेल्या शेठच्या घरच्या ग्रुपवरही. त्या दिवशीही टाकला.

दुपार टळली तेव्हा मी बँकेतून लवकर परतले होते. शेठ गच्चीवर आडवे होते, पोटावर टोपीऐवजी मोबाइल होता. तो वाजला. त्यांनी इतक्या घाईनं उचलला की आवाज मोठा करायचं बटण दाबलं गेलं, आणि शुभांगीचा जुना, स्वयंपाकघरातून यायचा तसाच चढा आवाज गच्चीभर झाला.

"अण्णा! साफ आभाळ म्हणलाव ना? येऊन बघा की जरा! काळंकुट्ट झालंय इथं. माथा असा चपटा पसरलाय, आमच्या गोठ्याच्या वर आलाय. ऐरण न्हाई तर काय हाय ही? काय बघून सांगता वो तुमी?"

"माथ्याचं टोक कुण्या अंगाला हाय गं?" शेठनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"आमच्याच अंगाला. मामंजींना मी कवाच सांगितलं, शेळ्या आत घ्या. ते हसायलते. आता पळायलेत बांधायला." आणि ती हसली. मग म्हणाली, "तुमी जेवलाव का?"

"जेवलो. तू?"

"जेवले. अण्णा, ते डाळिंबी कापड कुणाच्या लग्नाला दिलं का?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

तिकडं गडगडल्याचा आवाज फोनमधून स्पष्ट ऐकू आला. शेठ उठून बसले. "ठेव आता, विजा व्हायल्यात. झाडाखाली जाऊ नको. घरात जा." ते ठेव म्हणत होते, पण फोन कानापासून हलत नव्हता. शेवटी तिनंच ठेवला. म्हणाली, उद्या करते.

त्यांनी गालांवरून दोन्ही हात फिरवले, टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, सकाळी तिकडं गाद्यांना बुरूज फुटलेले मला दिसत होते. तुम्हाला दिसले नाहीत?"

"दिसले की," ते म्हणाले. "पहाटंपासून दिसायलते."

"मग?"

शेठ परत सतरंज्यांवर आडवे झाले आणि पश्चिमेकडं बघत म्हणाले, "तिकडं माझं ऐकणारी ती एकलीच, म्याडम. अन् ढग तिला माझ्यापेक्षा जास्त कळत्यात. खरं सांगितलं असतं, तर तिनं चिडून फोन केला असता का?"